कोपरावरचा हात

अपूर्वानं टोरंटोत बसून वडिलांचं दुसरं लग्न मनावर घेतलं होतं. आईला जाऊन तीन वर्षं झाली, बाबा शारजात एकटे, तेव्हा विवाहमंडळाच्या साइटवर त्यांचं नाव घालायचं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं. भानुदासांनी फक्त फोटो पाठवायचा होता. त्यांनी सेल्फी पाठवला.

"बाबा, यू लुक लाइक अ वॉन्टेड नोटीस," लेकीचं उत्तर आलं. "प्लीज, हसताना!"

आता हसायचं कुणाकडे बघून? अल नहदा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये फोटो काढून द्यायलाही कुणी नव्हतं.

शोधाशोध करून हसरा फोटो एकच निघाला, समुद्रावरचा. बायको शालिनी त्यांचं कोपर धरून उभी आणि हे महाशय दात काढून हसतायत. जुन्या डेस्कटॉपवर त्यांनी तो चौकोनात कापून पाहिला. कसाही कापा, तिचा हात फोटोत उरायचाच. जन्म कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत गेला, पण कॉम्प्युटरशी त्यांचं सूत कधी जुळलं नाही. शेवटी ऑफिसातल्या अर्शला गाठलं.

"सर, विंडोज, शिफ्ट और एस दबाओ. ऊपर फ्रीफॉर्म मिलेगा. माउससे जैसा चाहो वैसा काटो. खलास!"

घरी येऊन दाबून पाहिलं, तर खरंच मिळालं. भानुदास हरखले. श्वास रोखून त्यांनी स्वतःभोवती रेघ ओढायला घेतली. कान, खांदा, दंड झाला. कोपराशी तिची बोटं चुकवत रेघ आत वळवली, फेरा पूर्ण केला आणि माउसवरचं बोट उचललं.

पडद्यावर ते हसत होते आणि कोपराचा लचका तोडलेला होता. तिची बोटं काढायची तर त्यांचा हात जात होता. त्यांना भडभडून आलं.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी रेघ आत वळली नाही. तिच्या बोटांवरून, बांगड्यांवरून, वाऱ्यानं उडालेल्या केसांवरून निवांत फिरून आली. मागचं पाणी, माणसं, गाड्या सगळं गेलं आणि दोघंच राहिली. तोच फोटो त्यांनी पाठवून दिला.

लगेच फोन वाजला. "बाबा! आय सेड ओन्ली यू. आईबरोबरचा कसा टाकू?"

"टाकूच नकोस," भानुदास म्हणाले. "मला बायको नकोय गं. तू फोन करत जा."

"बट आय कॉल एव्हरी संडे, बाबा."

"करतेस की. मी बाकीच्या दिवसांचं म्हणतोय."