थांबून हाय न थे

आमच्या टीव्हीवर एक सिनेमा अर्धवट राहिला होता. 'देखना जारी रखें' या ओळीत त्याचं छोटं चित्र दिसायचं. बसस्थानकावर बॅग घेऊन उभी असलेली एक बाई, आणि तिच्या पायाशी जवळजवळ शेवटापर्यंत गेलेली तांबडी रेघ. तो तसाच ठेवून माझी बायको दवाखान्यात गेली. ती परत आली नाही.

सिनेमा मुलीने लावून दिला होता, नागपूरहून सुटीला आली होती तेव्हा. त्यात गोष्ट मधेच थांबते, खाली दोन पर्याय येतात, एक पांढरी रेघ दहा सेकंदांत आक्रसत जाते. तेवढ्यात रिमोटचं बटण दाबून त्या बाईने काय करायचं ते आपण ठरवायचं. मुलगी आईला म्हणाली, "आता तूच सांग तिला." हिने तेवढंच धरलं. सांग म्हटल्यावर ती सांगू लागली, तोंडाने.

तिचं माहेर नागरा गावाकडचं. तिकडे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दुपारी दंडारीचा खेळ होतो तेव्हा लोक खालून सोंगांना टोकतात आणि सोंगं तिथल्या तिथे उत्तर देतात. लहानपणी ही टोकणाऱ्यांत सगळ्यात पुढे बसायची. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी काढलेला माणूस. गोष्टीतल्या माणसांशी मोठ्याने बोलायची मला कधी सवय नव्हती.

सिनेमातली बाई घर सोडून निघाली होती. ती दारात थांबली आणि खाली 'जाओ' आणि 'रुको' असे दोन शब्द आले.

"अवो बाई, काऊन जाऊन राहिली?" ही म्हणाली. "आंधी जेव त! उपाशी कोणी घर सोडते का?"

"जेवायचा पर्याय नाही त्यात," मी म्हणालो. "दोन्हींतलं एक दाबावं लागते."

"तुमी चूप बसा जी. बायांच्या गोष्टीत बटन नोका आणू."

रेघ संपली. बाई दारातून मागे फिरली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. हिने मांडीवर थाप मारली. "पाहा! आयकते न थे!"

कोणी बटण दाबलं नाही तर सिनेमा आपणच एक पर्याय घेतो, हे मी सुरुवातीच्या सूचनेत वाचलं होतं. तिला सांगितलं नाही. तीन संध्याकाळी तीनदा असंच झालं. हिने समजावलं, आणि ती बाई राहिली. हिने ही बातमी कुंपणावरून शेजारणीलाही दिली. "आमच्या टीव्हीतली बाई माझं आयकते." शेजारीण म्हणाली, "नशीब तुमचं. आमच्या घरचा त माणूसबी आयकत नाही."

चौथ्या संध्याकाळी ती बाई अखेर बसस्थानकावर पोचली. शेवटचा प्रश्न येणार तोच ही म्हणाली, थकल्यासारखं वाटून राहिलं, बंद करा.

"थोडाच राहिला," मी म्हणालो.

"उद्या पाहू. थांबून हाय न थे, कोठी जाते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दवाखान्यात नेलं. तिथलं मी इथे लिहीत नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, मुलगी परत गेली, कुडव्याच्या आमच्या या घरात मी एकटा उरलो. रोज संध्याकाळी टीव्ही सुरू करायचो, ते चित्र पाहायचो आणि बंद करायचो. तिने थांबवून ठेवलेलं एवढं एकच काहीतरी घरात शिल्लक होतं.

मागच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. "बाबा, असे बटणवाले सिनेमे कंपनीवाले काढून टाकत आहेत. आईचा तो या महिन्यापुरताच आहे. पाहून घ्या."

"राहू दे न तसाच."

"नाही राहणार, बाबा. तुम्ही पाहा की नका पाहू."

रविवारी दुपारी लावला. तिची खुर्ची जिथे असते तिथेच होती. बस आली, दार उघडलं, खाली तेच दोन शब्द आले. रिमोट माझ्या हातात होता. 'रुको' दाबलं असतं तर ती राहिली असती, मला ठाऊक होतं. पण हिने एकदाही बटण दाबलं नव्हतं. मी रिमोट खाली ठेवला.

"थांब न वो," मी म्हणालो. रिकाम्या खोलीत माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "नोको जाऊ."

रेघ संपली. बाईने बॅग उचलली आणि बसमध्ये चढली.

पडद्यावर नावं सरकून गेली आणि मग एक ओळ आली, 'फिर से चुनना चाहेंगे?' ती दाबली की सिनेमा पुन्हा बसस्थानकावर येतो. बाई पुन्हा उभी असते, बॅग पायाशी.

तेव्हापासून रोज दुपारी लावतो. रोज तिला थांब म्हणतो आणि रोज ती जाते. महिना संपायला अजून चार दिवस आहेत. काल मात्र मी तिला वेगळं सांगितलं.

"जा," म्हणालो, "पण आंधी जेवून घे."