बोगद्यातला आवाज

सेनगावला बसस्टँडजवळ माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नं, साखरपुडे, शाळेचं गॅदरिंग, कधी एखाद्या पुढाऱ्याचा सत्कार, एवढंच काम. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॅसेटी मागं पडून सीडी येत होत्या आणि माझ्याकडे दोन्ही चालायचं.

एका उन्हाळ्यात चित्रकलेचे एक सर दुकानात आले. ते आणि त्यांची बायको एकाच शाळेत होते. बाई पाचवीला मराठी शिकवायच्या. सरांनी घरी छोटी रेल्वे केली होती आणि तिचं शूटिंग हवं होतं. बाजूला उभं राहून केलेलं नको, असं त्यांनी आधीच बजावलं. "डायवरला जसं दिसतं तसं पाहिजे," ते म्हणाले.

मी घरी जाऊन पाहिलं. पुढच्या खोलीत बाकांवर प्लायवूड टाकून त्यावर रूळ बसवले होते. इंजिन आणि रूळ नांदेडहून आणलेले, बाकी सगळं हातानं केलेलं. स्टेशन, फाटक, फाटकाशी थांबलेली बैलगाडी, लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलेली शेतं आणि एका कोपऱ्यात कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्यातून बोगदा. पाचवीत रेल्वेवरचा धडा शिकवताना बाईंच्या लक्षात आलं होतं की वर्गातली निम्मी लेकरं गाडीत बसलेलीच नाहीत. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. जीप नाहीतर एसटी. सगळा वर्ग घरी आणता येत नाही, म्हणून शूटिंग.

माझा कॅमेरा त्या इंजिनाच्या चौपट होता. मी नांदेडला गेलो आणि सोनाराच्या दुकानात लावतात तसला अंगठ्याएवढा कॅमेरा आणला. त्याला आवाज घेणारा माईकही होता. इंजिनाच्या पुढं एक उघडा डबा जोडून त्यावर तो बसवला. पण त्याची वायर पार माझ्या व्हीसीआरपर्यंत यायची. गाडी वळली की वायर झाडं पाडायची, बैलगाडी ओढून न्यायची. सर वैतागले.

बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पडद्याची काठी आणली, वायर तिच्यावर उचलून धरली आणि गाडीच्या मागं मागं चालायला लागल्या. ते जमलं. बोगद्यात मात्र काठी जाईना. डोंगर आतून पोकळ होता आणि रुळावरून घसरलेले डबे काढायला खालून प्लायवूडला भोक ठेवलेलं होतं. बाई पदर खोचून बाकांखाली बसल्या. गाडी बोगद्यात आली की भोकातून हात घालून वायर पुढं सरकवायची, असं ठरलं.

त्यात सकाळ गेली. एकदा लाइट गेली, एकदा डबा वळणावर उलटला, एकदा सरांचं कोपर मधे आलं. बाई खालीच बसून होत्या. शेवटी गाडी न अडकता एक फेरी फिरली. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत भुसा होता. "झालं का?" त्यांनी विचारलं. सर तोवर टीव्हीसमोर बसले होते.

चित्र खरंच चांगलं आलं होतं. फाटक अंगावर आलं, बैलगाडी मोठी होत होत बाजूला गेली, स्टेशन मागं पडलं. मग बोगदा. पडदा काळा झाला आणि त्या अंधारात बाईंचा आवाज आला. "ये, ये. हळू ये. हं, आता जा."

सर आधी हसले. मग म्हणाले, एवढं काढून टाका, डायवरला असं थोडंच ऐकू येतं. मला त्यात वावगं वाटलं नाही. लग्नाच्या कॅसेटीत कॅमेऱ्याजवळ बोलणाऱ्या बायका आम्ही गाण्याखाली दाबूनच टाकत होतो. मी टेपरेकॉर्डर घेऊन हिंगोली स्टेशनावर गेलो, गाडीची वाट पाहत बसलो, खऱ्या इंजिनाचा आवाज आणला आणि बसवला. नवी सीडी बाईंनी पाहिली. चांगलं झालं म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

चार-पाच दिवसांनी त्या एकट्याच दुकानात आल्या. कसल्याशा फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढला. मग आधीचं शूटिंग पुसलं का, असं विचारलं. मी नाही म्हणालो.

"मला ते द्या. माझ्या वर्गाला दाखवायचं हाय."

सरांना ठाऊक आहे का, हे मी विचारलं नाही. सीडी करून दिली.

जूनमध्ये शाळा भरली. सीडी प्लेअर माझाच नेलेला, म्हणून मी वर्गात होतो. लेकरं खाली दाटीनं बसलेली. बोगदा आला, आवाज आला, आणि पुढं बसलेली एक पोरगी उठून उभी राहिली.

"बाई, तुमी बोगद्यात काय करून राहिल्या होत्या?"

"गाडी अडकू नये म्हणून बसले होते," बाई म्हणाल्या.

पोरीला ते पटलं. ती खाली बसली. लेकरांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी अंधार झाला की सगळा वर्ग "ये, ये" म्हणायला लागला. त्या गलक्यानं शेजारच्या वर्गातून सर आले आणि दारातच थांबले. फेरी संपेपर्यंत हलले नाहीत.

नंतर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "तुमी ही काहून दिली?"

बाईंनी मागितली म्हणून दिली, असं मी सांगितलं. बाई हजेरीपट घेऊन मागून येत होत्या. सर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मला म्हणली असतीस तर आवाज काढलाच नसता."

"तुमी विचारलं न्हाई," बाई म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. सरांनी मला सहावीच्या वर्गात प्लेअर न्यायला सांगितलं. मी कोणती सीडी लावू म्हणून विचारलं, तर आतच आहे ती राहू द्या म्हणाले.

तीन वर्षांनी दोघांची बदली कुरुंद्याला झाली. सामान टेम्पोत चढवताना मी गेलो होतो. डोंगर दारातून निघेना. तिरपा करताना मधोमध फाटला. सर तो हातात धरून उभे राहिले. बाई म्हणाल्या, तिथं परत करता येईल, हा इथंच ठेवा. मग त्यांनी रूळ वर्तमानपत्रात गुंडाळले, इंजिन स्वतःच्या पिशवीत घातलं आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या. सर मागं सामानाजवळ बसले.