टाकीच्या आतला आवाज

परवा धुळ्यात नवं टिग मशीन लावलं. वेल्डिंग थांबल्यावरही त्यातला आर्गॉन गॅस क्षणभर फुसफुसत राहिला आणि मला नरडाण्याची ती दुधाची स्टीलची टाकी आठवली.

थोरला भाऊ टाकीत शिरून सांधा जोडत होता. मी बाहेर पॅनेलपाशी होतो.

“अँपिअर कमी कर, पत्रा जळी ऱ्हायना!” तो आतून ओरडला. पत्रा जळू नये म्हणून मी बटण फिरवलं.

“आते बराबर शे.”

मग आवाज आला नाही. दमून बसला असेल, असं वाटलं. डोकावलो, तर पत्र्याला टेकून बसला होता. आर्गॉनला वास नसतो. टाकीतली हवा त्या गॅसने कधी बाहेर ढकलली, भावाला कळलंच नाही. बाहेर काढला तेव्हा अंग गरम होतं, श्वास नव्हता.

आता टाकीत माणूस उतरला की मी त्याला सारखा बोलता ठेवतो. जेवलास का, पोरं कशी आहेत, काहीही विचारतो. कारागीर वैतागतात, पण उत्तर देतात.