लोडाचे ठोके

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, जे झालं त्यात चूक माझी होती. मशीनची नव्हती, डॉक्टरांची नव्हती आणि सासूबाईंची तर मुळीच नव्हती.

आम्ही कामतघर भागात राहतो, पहिल्या मजल्यावर. खाली लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना, वर आमच्या चार खोल्यांची रांग. नवरा गोदामात ड्युटीला, त्यामुळे दिवसभर घरात सासूबाई आणि मी. त्या मूळच्या खारबाव गावच्या, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी अधू. त्यांचं बीपी वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, घरी मशीन घ्या, रोज सकाळी मोजा, आकडे वहीत लिहा. मला ते काम मनापासून आवडलं. कोरी वही आणली, पट्टीने रकाने आखले.

मशीन आणलं त्याच दिवशी सासूबाईंना आणि मशीनला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. फसवणूक नको. डॉक्टरांनी आधी त्यांच्या यंत्राने मोजलं, मग आमच्या. आकडे जुळले. म्हणाले, मशीन चांगलं आहे, भरवसा ठेवायला हरकत नाही. मी ठेवला. जरा जास्तच ठेवला.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली हवी, हाताला आधार हवा, बोलायचं नाही, हे सगळं मी पाठ केलं होतं. सासूबाईंना पलंगावर भिंतीला टेकून बसवायचे. शेजारी हातभर लांबीचा बारका लोड, त्यावर त्यांचा हात. टीव्ही बंद, दार बंद. घर अगदी शांत झालं की मी बटण दाबायचे.

वरचं बीपी एकशेसत्तरच्या आगेमागे यायचं. पण ठोके बघून माझी छाती धडधडायला लागायची. एकशे सोळा. दुसऱ्या दिवशी एकशे सतरा, मग परत एकशे सोळा. दर आठवड्याला मी वहीचा फोटो डॉक्टरांना पाठवायचे, कारण सासूबाईंना सारखं जिन्यावरून उतरवणं म्हणजे दिव्यच होतं. डॉक्टरांनी ठोके कमी करायची गोळी दिली. आकडा हलला नाही. त्यांनी गोळी वाढवली. आकडा तिथेच. मग अजून वाढवली.

सासूबाई मात्र वेगळंच सांगत होत्या. एक दिवस मी दंडावरचा पट्टा सोडताना त्या म्हणाल्या, "माजं जोरात न्हाय चालत गो. हळू चालतंय. मदीच थांबतं, मंग आठवल्यागत परत चालतं."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला जास्त कळतं की मशीनला?"

पुढे दोनचारदा त्यांनी तेच सांगून पाहिलं, आणि दरवेळी मी मशीन त्यांच्या नाकासमोर धरून आकडा दाखवला. बघा, जोरात चाललंय. बघा, आजही जोरात. शेवटी त्यांनी सांगायचंच सोडून दिलं.

मग त्या थंड पडायला लागल्या. खरंच थंड. भर उन्हाळ्यात त्यांचे हात धुतलेल्या भांड्यांसारखे गार लागायचे. घास तोंडात धरून बसून राहायच्या. काही विचारलं तर मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावून परत यायचे, तेव्हा उत्तर यायचं. कधी डोळे अर्धे उघडे ठेवून झोपायच्या आणि मी वाकून श्वास बघायचे. पट्टा बांधला की मशीनवरचं ते ठोक्यांचं छोटं बदामाचं चित्र मात्र भराभरा लुकलुकायचं. बाई दिवसेंदिवस मंद होत होती आणि आकडा जागचा हलत नव्हता. मला भीती वाटायची, पण ती आजाराची भीती आहे असं मी धरून चालले होते.

आता शुक्रवारचं सांगते. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते. त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. डोकं जड होतं, भांडी जोरात वाजतात, आपलाच आवाज मोठा वाटतो. गोळी वाढवली त्यानंतरच्या शुक्रवारी मशीनने ठोके दाखवले चव्वेचाळीस. मी सेल बदलले. परत चव्वेचाळीस. शनिवारी पुन्हा एकशे सोळा. पुढच्या शुक्रवारी एकेचाळीस. मी ठरवून टाकलं, मशीन शुक्रवारी बिघडतं. शेजारणीलाही पटलं, नवऱ्यालाही पटलं. शुक्रवारी सगळंच बिघडल्यासारखं वाटतं, मग मशीन का बिघडू नये? मी त्या ओळींवर पट्टी ठेवून नीट काट मारली. डॉक्टरांचा उगाच गोंधळ नको म्हणून फोटोतही त्या घेतल्या नाहीत.

एका मंगळवारी पट्टा बांधून झाला आणि सासूबाई म्हणाल्या, मोरीत जायचंय. मी वैतागले. पट्टा सोडला, नळीला पीळ पडू नये म्हणून तसाच त्या बारक्या लोडाला गुंडाळला, त्यांना मोरीत सोडून आले आणि मशीन सरकवताना माझा अंगठा बटणावर पडला.

पट्टा फुगला. लोडाला घट्ट आवळून बसला, मग हळूहळू सैल झाला. मला वाटलं, आता चुकीची खूण येईल. आली नाही. बदाम लुकलुकायला लागला. एकशे अडुसष्ट, चौऱ्याण्णव. ठोके एकशे सोळा.

मी परत बटण दाबलं. एकशे सोळा.

कापसाच्या लोडाला बीपी होतं आणि ते माझ्या सासूचं होतं. मी पट्टा माझ्या दंडाला बांधला, त्याच भिंतीला टेकून बसले. एकशे सतरा. मग मी भिंतीवर तळहात ठेवला. भिंत ठोके देत होती. पलंग देत होता, फरशी देत होती, दात एकमेकांवर ठेवले तर दातांतही तेच. सव्वीस वर्षं मी त्या घरात राहते आहे आणि मला ते कधी जाणवलं नव्हतं. रोज मी ज्याला शांत म्हणत होते, ते खालचे लूम चालू असतानाचं घर होतं. घरात एकच काळीज जोरात चाललं होतं आणि ते आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

मग आपण इतके दिवस गोळ्या देऊन हळू केलं ते कुणाचं?

मी मोरीच्या दाराशी धावले. हाक मारली. उत्तर नाही. दार ढकललं तर सासूबाई ओल्या फरशीवर बसलेल्या, ओठ राखाडी. माझ्याकडे बघत होत्या, पण मला ओळखायला त्यांना वेळ लागला. शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली उतरवलं, रिक्षा केली.

हॉस्पिटलात तिथल्या डॉक्टरांनी यंत्र उचललंच नाही, मनगटावर नुसती बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. चौतीस, म्हणाले. मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली, काट मारलेल्या ओळींवर थांबले आणि विचारलं, या का खोडल्यात? मी सांगितलं.

"खऱ्या फक्त याच होत्या," ते म्हणाले.

ती गोळी बंद झाली. सहा दिवसांनी ठोके सत्तरच्या वर आले आणि आम्ही सासूबाईंना घरी आणलं. हात गरम, बोलणं पहिल्यासारखं. मी त्यांना खुर्चीत बसवलं, भिंतीपासून लांब, आणि वही घेऊन समोर बसले. म्हटलं, "आई, आता मशीन नाही. कसं चाललंय ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तेच मी लिहीन."

त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. खाली लूम चालू होते.

"पयलं कळायचं गो," त्या म्हणाल्या. "तू रोज म्हनायचीस, जोरात चाललंय, जोरात चाललंय. आता हात ठेवला का मला जोरातच लागतंय. माजं कंचं न् खालचं कंचं, आता मलाच कळंना."

मला हुंदका आला. इतक्या वर्षांचं त्यांचं स्वतःचं माप मी दोन महिन्यांत मोडून टाकलं होतं. त्यांनीच माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, तुला कळतंय का बघ. मी त्यांच्या छातीला कान लावला, कितीतरी वेळ लावून ठेवला, आणि मग खोटंच सांगितलं की हो आई, कळतंय.