न घेतलेलं नाव

आमच्या आत्याला निवांत बसलेली कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही. जेवायचीसुद्धा उकिडवी, कुठल्याही क्षणी उठेल अशी. पायाला भिंगरी, म्हणून आम्ही भावंडं तिला भिंगरीआत्या म्हणायचो. सत्तरी उलटली तरी भिंगरी थांबली नव्हती. "बसलं का माणूस गंजते वं," म्हणत ती बोलता बोलता अंगणात निघून जायची. उरलेलं वाक्य ऐकायचं तर तिच्यामागे पळायला लागायचं.

भिवापूरला तिचं मिरचीचं वावर होतं. नवरा तरुणपणीच गेला; तेव्हापासून लावणीपासून तोड्यापर्यंत सगळं तिनंच पाहिलं. त्या वावरावर नवऱ्याच्या पुतण्याचा डोळा. त्यानं नागपूरच्या कोर्टात अर्ज केला: काकूची बुद्धी चळली आहे, शेती माझ्या हाती द्यावी. तिची अक्कल तपासायला कोर्टानं विलायतेहून नुकताच आलेला एक गोरा डॉक्टर नेमला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. परीक्षा घेणं माझं रोजचंच काम, पण त्या दिवशी आत्याला परीक्षेला घेऊन जायची पाळी माझ्यावर आली.

डॉक्टरनं आधी तिला खुर्चीत बसवलं. तिथंच निम्मी परीक्षा बुडाली. हाताला काम नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. ती बावरून गेली. डॉक्टरनं हिंदीतले प्रश्न पाठ केले होते; उत्तरं कोर्टाचा कारकून त्याला इंग्रजीत सांगत होता.

"महिना कौनसा है?"

"मिरचीचा दुसरा तोडा चालू हाय."

"राजा कौन है?"

"कोण जाणे बाप्पा! भिवापुरात तं आला नाही कधी."

"तुम्हारे पति का नाम?"

आत्यानं पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. ती बहिरी असावी तसं डॉक्टरनं पुन्हा ओरडून विचारलं. तिनं पदर आणखी पुढे ओढला. दाराशी उभी मी आतल्या आत जळत होते. अहवालात आलं, बाईला नवऱ्याचं नावही आठवत नाही.

परतताना टांग्यात मी चिडले, "सांगून टाकायचं ना नाव!"

"त्यायचं नाव? मी घेऊ?" टांग्यातही ती अर्धी उभीच होती. "लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. वावर जाते तं जाऊ दे, पण त्या गोऱ्यापुढं काहून घेऊ मी?"

पुढच्या तारखेला मी परवानगी मागून न्यायाधीशांना विचारलं, "साहेब, आपल्या घरी आपलं नाव कोण घेतं?" कोर्टात खसखस पिकली. तेही आमच्याच मुलखातले; हसू दाबत त्यांनी डॉक्टरला सांगितलं, नाव सोडून बाकी सगळं पुन्हा विचारा, आणि बाईंना उभं राहू द्या. मग काय! फेऱ्या मारत तिनं नवऱ्याचा राग, त्यांचा फेटा, त्यांनी खोदलेली विहीर, सगळं असं उलगडलं की डॉक्टरलाच हात जोडावे लागले.

वावर राहिलं. मला मात्र चैन पडेना. जिच्यासाठी दाराशी कुणी उभंच नसेल तिचं काय, हा विचार परीक्षेचे पेपर तपासताना आजही मधेच डोकं वर काढतो.

काही वर्षांनी ती आमच्याकडे राहायला आली होती. अंगणात तिच्याच वावरातल्या मिरच्या वाळत होत्या आणि अवकाळी आभाळ भरून आलं. आत्या दारात उभी राहून खणखणीत आवाजात ओरडली, "गणपत! ए गणपत! पाणी येऊन राहिलं, मिरच्या उचल गा!"

माझा धाकटा भाऊ हसत सुटला, "आत्यानं नाव घेतलं! नवऱ्याचं नाव घेतलं!"

मी धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो डॉक्टर असता तर त्यानं तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

तिनं आणखी एकदा हाक मारली. मग भिंगरीआत्या ओट्यावर टेकली आणि फाटकाकडे बघत बसून राहिली.