भाईंची बाजू

शेलार गावच्या लडकूदादाला धनुष्यं बनवायचा नाद लागला तो निजामपुऱ्याच्या फखरुद्दीनभाईंमुळे. दादाची गोदामात ड्युटी. भाईंचे कापड विणायचे लूम आता मुलगा बघतो. दर रविवारी दादाच्या अंगणात दोघं धामणीचं लाकूड तासायला बसत. धनुष्याची वरची बाजू दादाची, खालची भाईंची, आणि लूमच्या सुताला पीळ देऊन दोरीही भाईच वळत.

दोरी ओढली की धनुष्य दोन्हीकडे सारखं वाकायला हवं. ते काही केल्या तसं वाकत नसे.

“भाई, तुमची बाजू कडक हाय.”

“मेरी? अरे दादा, तुमचीच ढिली झालीय!”

तरी भाई रागारागाने खालची बाजू घासत. मग वरची कडक वाटे. दादा थोडाच मागे राहणार? तोही कानस चालवी. असं करता करता धनुष्याची छडी होई आणि दादाची बायको मैना ती काकडीच्या वेलाला टेकू म्हणून लावी. तिचा अख्खा मांडव अशाच धनुष्यांवर उभा होता.

एका रविवारी भाई लग्नाला गेले. दादाने एकट्यानेच दोन्ही बाजू तासल्या, दोरी ओढली, तर धनुष्य कसं सुरेख, दोन्हीकडे सारखं वाकलं!

“झालं एकदाचं,” मैना म्हणाली.

दादा भाईंच्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिला. मग त्याने दोरी उतरवली, कानस उचलली आणि आपलीच वरची बाजू घासून चांगली पातळ केली.

संध्याकाळी त्याने फोन लावला.

“भाई, पुढच्या रविवारी लवकर या. तुमची बाजू लय कडक हाय.”