मुद्दा क्रमांक सात

कापसाचा भाव पडला होता त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून येणारा प्रत्येक माणूस एसटीतून उतरतानाच चेहरा पाडून उतरायचा. आम्ही ओट्यावर हसत बसलेले दिसलो की त्याची मोठी पंचाईत व्हायची. वही काढावी की ठेवावी, कळायचं नाही बिचाऱ्याला. दुःख खोटं नव्हतं, ते पुष्कळांनी लिहिलंय. मी लिहितोय ते कुणीच लिहिलं नाही: त्याच वर्षांत कापूस वेचणाऱ्या पंधरा बायकांनी एका बँकेला यवतमाळच्या ग्राहक मंचात उभं केलं. मी तिथे होतो. खरं तर नायकाची भूमिका माझीच होती. ती कशी गेली, तेही सांगतो.

घाटंजीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. आठ मशीन आणि दोन विद्यार्थी. बाकीचे कॉम्प्युटरच्या क्लासला पळाले होते. लोकांचे अर्ज टाइप करून मी पोट भरायचो, आणि गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राजाचं काम करून मन. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतलं तान्हं पोर दचकून उठावं.

माझी आत्या अर्ध्या तासावरच्या खेड्यात राहायची. तिथल्या बायकांचा बचत गट होता, आणि आत्या त्याची खजिनदार. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी मजुरी हातात आली की प्रत्येकीचे दहा रुपये. ते एका पत्र्याच्या पेटीत जायचे. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरी, आणि पेटी आत्याच्या खाटेखाली. त्या पेटीपायी आत्या चार वर्षं कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेली नव्हती.

मग एकदा बँकेचे एक साहेब गावच्या बुद्धविहारात आले. गटानं खातं उघडावं, गटाच्या खात्याला शिल्लक शून्य असली तरी चालते, असं त्यांनी सांगितलं आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर तसं लिहून शिक्का मारून दिला. बायका तयार नव्हत्या. आत्यानं एकेकीच्या घरी जाऊन समजावलं, शब्द दिला, तेव्हा कुठे पैसे बँकेत गेले.

आता आमच्याकडची रीत अशी की पेरणीच्या तोंडावर गट रिकामा होतो. कुणाला बियाणं, कुणाला पोरांची पुस्तकं. कापूस वेचायला आला की पैसे परत भरतात. मधले चार महिने खात्यात काहीच नसतं, आणि त्यात कुणालाच नवल वाटत नाही. बँकेत मात्र तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी खातं साध्या खात्यांत ढकललं आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावला. दोन पावसाळ्यांचा दंड एकदम मांडला गेला, आणि दिवाळीत बायकांनी पैसे भरले तसा खटकन कापला गेला. अकराशे चाळीस रुपये.

पासबुक विहारात वाचलं गेलं. मग आत्याच्या घरासमोर राहणारी एक बाई होती, तिला सारं गाव समोरचीच म्हणायचं, ती बोलली.

"पेटीत होते तवा एक रुपया कमी नाई झाला. बँकेत गेले अन् सुकले?"

"अव, बँकेनं कापले," आत्या म्हणाली.

"बँक काय आमी पाह्यली? आमी तुले पाह्यलं."

बस, एवढंच. त्या दिवसापासून आत्या विहारात दाराजवळ बसायला लागली. पुढे सतरंजीवर तिची ठरलेली जागा होती. ती जागा कुणी घेतली नाही आणि कुणी तिला बोलावलंही नाही. मजुरीला जाताना बायका पुढे, ही दहा पावलं मागे. पैसे स्वतःच्या पदरचे भरायला ती तयार झाली, तर समोरची म्हणाली, "मंग तर खाल्लेच असन." आत्याचा सगळा जन्म कुणाच्या बांधावरचं बोंडही न उचलण्यात गेला होता. ती माझ्याकडे आली, मशीनसमोर बसली आणि म्हणाली, "बापू, मले पैसे नोको. कोणं खाल्ले ते कागदावर पायजे."

मी बँकेला पत्र लिहिलं. काय पत्र होतं! पहिल्या वाक्यात ‘अन्याय’, दुसऱ्यात ‘निरपराध’. पण गटाच्या नावानं जाणारा कागद सगळ्यांसमोर वाचायचा आणि प्रत्येकीचं म्हणणं त्यात घ्यायचं, हा गटाचा कायदा. मी विहारात उभा राहून राजाच्या आवाजात पत्र वाचलं. टाळ्यांची वाट पाहिली.

"बरं हाय," एक जण म्हणाली. "पण त्यात लिहा का तो खिडकीतला बाबू मान वर करून बोलत नाई."

"बँकेची पायरी लय उंच हाय, माह्या गुडघ्याले होत नाई, तेबी टाका."

"बाई, हे दंडाचं पत्र आहे," मी म्हणालो.

"मंग आमी काय दुसरा कागद आणू? जागा हाय ना खाली!"

शेवटी समोरची उठली. "एप्रिलात तीन घंटे रांगेत होती मी. घोटभर पाणी नाई तिथं. लिहा."

दंडाची मागणी मुद्दा क्रमांक एक झाली. पायरी, बाबू, फिरत नसलेला पंखा असं करत करत पाणी सातव्या क्रमांकावर आलं. माझ्या ‘निरपराध’ला जागा उरली नाही.

मी आत्याला बजावून सांगितलं होतं: दोन प्रती देतोय, एक बँकेत द्यायची, दुसरीवर शिक्का आणि सही घेऊन परत आणायची. ती पोच, आपला पुरावा. संध्याकाळी आत्या रिकाम्या हातांनी आली.

"पोच कुठे?"

"दोन्ही देल्ल्या साहेबाले."

"काहून?"

"एक हारपली तर दुसरी असावं म्हणून. अन् दोन्हीवर बायाईच्या सह्या होत्या, एक परत मांगाव कसं? बरं दिसते का?"

मी डोकं मशीनवर टेकवलं. आतल्या कागदावर पाच अक्षरं उमटली.

नंतर दोन स्मरणपत्रं पाठवली, साध्या टपालानं, रजिस्टरचे पैसे वाचवून. ही माझी अक्कल. आत्याला हसण्याचा मला अधिकार नाही.

दंडाबद्दल उत्तर आलं नाही. पण महिनाभरानं बँकेच्या छापील कागदावर एक पत्र गटाला आलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या पत्रातील मुद्दा क्रमांक सातनुसार शाखेत ग्राहकांसाठी पिण्याच्या थंड पाण्याची सोय करण्यात आली आहे, सूचनेबद्दल आभारी आहोत. बाकीच्या मुद्द्यांबद्दल अवाक्षर नाही. समोरचीला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. तिनं घाटंजीत जाऊन त्या पत्राला प्लास्टिक चढवून आणलं आणि ज्याला त्याला दाखवत सुटली. "मी सांगतलं, अन् बँकेनं पाणी ठेवलं." मला ते पत्र तिनं इतक्यांदा दाखवलं की पुढे पुढे मी त्याकडे पाहायचंच सोडलं.

वर्ष उलटायला आलं तशी आम्ही ग्राहक मंचात तक्रार टाकली. तिथे वकील लागत नाही हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो काय सांगू! म्हणजे बोलणार मी. पंधरा दिवस मी भाषण पाठ करत होतो. इन्स्टिट्यूटमधल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक तेवढ्यात सोडून गेला.

तारखेला आम्ही तिघं एसटीनं यवतमाळला गेलो. आत्या, मी आणि समोरची. ती कशाला आली? "पाह्यते ना, तिथं काय बोलता तुमी." पूर्ण रस्ताभर ती आत्याच्या शेजारी बसली, तोंड खिडकीकडे करून.

मंचाची खोली आमच्या विहाराएवढीच होती. वर टेबलामागे अध्यक्ष आणि दोन सदस्य. पुकारा झाला. मी इस्त्रीच्या सदऱ्यात पुढे झालो, छाती भरून घेतली आणि म्हणालो, "महोदय! आज या न्यायमंदिरात..."

"आपण कोण?" अध्यक्ष म्हणाले.

"मी? तक्रार मी टाइप केली."

"छान टाइप केलीय. बसा."

बसलो. दंडारीतल्या राजाला इतक्या लवकर कुणी मारलं नव्हतं.

बँकेचे वकील सज्जन दिसत होते. पासबुकावरचा शिक्का त्यांनी मान्य केला. पण म्हणाले, चूक झाली असेल तर ती आम्हाला कुणी कळवलीच नाही. या गटाचं एकही पत्र शाखेला मिळालेलं नाही. मिळालं असतं तर लगेच दुरुस्ती केली असती. न विचारता थेट मंचात आले, तक्रार खर्चासह फेटाळावी.

"पत्राची पोच आहे?" अध्यक्षांनी आत्याला विचारलं.

आत्या उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. "नाई साहेब," ती म्हणाली. "दोन्ही कागद त्याईलेच देल्ले."

"दोन्ही का दिले?"

"एक हारपन म्हणून."

एक सदस्या बाई हसू दाबत होत्या. वकीलसाहेब कागद आवरायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काहून खोटं बोलून राह्यला व हा मानूस?"

समोरची उभी होती. पिशवीतून तिनं ते प्लास्टिक चढवलेलं पत्र काढलं होतं. "पत्र नाई भेटलं म्हणते! मंग पाणी कोणाच्या पत्रावर ठेवलं? हे पाहा साहेब. सात नंबर माहा हाय."

शिपायानं ते पत्र टेबलावर नेलं. अध्यक्षांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग वकिलांकडे देत म्हणाले, "सातवा मुद्दा पोचला, पण पहिला पोचला नाही, असं आपलं म्हणणं आहे का?"

वकीलसाहेबांनी पत्र उलटून पाहिलं, जणू मागे काही सुटका लिहिलेली असावी. मग तेही हसले.

परतीच्या एसटीत मी उभा राहून माझं भाषण केलं, पूर्ण, ‘न्यायमंदिरा’पासून. कंडक्टरनं दोन तिकिटं चुकीची फाडली. आत्या आणि समोरची एका कागदातली भजी खात होत्या. मी टाळीच्या जागेवर थांबलो की समोरची म्हणायची, "बसा आता. घसा सुकन. पाण्याची सोय नाई इथं."

निकाल दीड महिन्यानं आला. दंड व्याजासकट परत, वर तक्रारीचा खर्च. विहारात मी तो वाचला. ‘बँकेने खातेदाराची कोणतीही चूक नसताना रक्कम कापली’ हे वाक्य बायकांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी साध्या आवाजात वाचलं.

आत्या नेहमीसारखी दाराजवळ बसली होती. समोरची पुढच्या रांगेतून मागे वळली.

"दारात काहून बसली व? वारा अडवून राह्यली साऱ्याईचा. इकडं ये."

आणि सतरंजीवरच्या त्या रिकाम्या जागेवरची धूळ तिनं आपल्या पदरानं झटकली. आत्या उठली, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, आणि जाऊन बसली. मग समोरची माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, आता पायरीचं पत्र लिहा. अन् या खेपेले पायरी एक नंबरले टाका."